मर्द कोण, देखणा कोण, आणि हे ठरवतं कोण?

उलटतपासणी (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर कुणीतरी कोरियन गायकांचे फोटो टाकले होते आणि खाली नेहमीची रांग लागली, "ही पोरं आहेत का पोरी", "लिपस्टिक लावून कसले मर्द" वगैरे वगैरे. मधेच दोनतीन जणींनी शांतपणे लिहिलं की आम्हाला तर आवडतात बुवा. त्यावर कुणी हं की चूं केलं नाही, गाडी परत पोरं की पोरीवर. मला त्याची फार मजा वाटली, म्हणजे ज्यांच्यासाठी ती पोरं नटतात त्यांनी पास केलंय आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही ते लाल पेन घेऊन बसलेत. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतो.

माझं म्हणणं असं की मर्दानी असणं आणि आकर्षक असणं ह्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि आपण त्यांचा निकाल एकत्र लावतो. मर्द कोण ह्याचे परीक्षक बहुतेक ठिकाणी पुरुषच असतात, कधीकधी तर सरकार असतं. देखणा कोण ते बघणारी ठरवते. आणि जागा किंवा काळ बदलला की दोन्हींचा सिलॅबस पार उलटापालटा होतो.

नायजर आणि चाडच्या भागात गुरं घेऊन फिरणारे वोडाबे नावाचे लोक आहेत. पावसाळा सरताना सगळी कुळं एकत्र येतात तेव्हा त्यांचा गेरेवोल नावाचा सोहळा होतो, त्याचे फोटो आणि व्हिडिओ शोधून बघाच. तरुण पुरुष छोटासा आरसा हातात धरून तासन्तास मेकअप करतात. चेहऱ्याला पिवळा नाहीतर तांबडा रंग, नाक लांब आणि सरळ दिसावं म्हणून कपाळापासून खाली ओढलेली फिकट रेघ, ओठ काळे, डोळ्यांच्या कडा काळ्या, कारण मग दात आणि डोळ्यातलं पांढरं उठून दिसतं. डोक्यावर शहामृगाचं पीस. मग एका ओळीत उभं राहून चवड्यांवर उंच होत, डोळे मोठ्ठे करत, गरागरा फिरवत, दात दाखवत गाणं आणि नाच, आणि हे चालतं तासन्तास, थकला तो गेला. समोर परीक्षक कोण तर तरुण मुली! आणि ह्या लोकांना नाजूक म्हणायची सोय नाही, वर्षभर वाळवंटाच्या कडेकडेने गुरं हाकत फिरतात, आपल्यातले जिमवाले तिथे आठवडाभर टिकायचे नाहीत.

दुसरं उदाहरण एकदम राजवाड्यातलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं रिगो ह्या चित्रकारानं १७०१ साली केलेलं चित्र आहे. साठी उलटलेला राजा, डोक्यावर कुरळ्या केसांचा ढीगभर विग, कमरेला तलवार, आणि अंगावरचा झगा मुद्दाम बाजूला सारून पांढऱ्या स्टॉकिंगमधला पाय पुढे केलेला, का तर पोटऱ्या दिसाव्यात. पायात लाल टाचांचे बूट. त्या काळात युरोपात पुरुषाच्या पोटऱ्या म्हणजे आजचे बायसेप्स समजा, ज्यांच्या काटकुळ्या असायच्या ते स्टॉकिंगमध्ये पॅडिंग भरायचे. आणि ती उंच टाच मुळात आली कुठून तर इराणी घोडेस्वारांकडून, रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणजे उभं राहून बाण मारता येतो. म्हणजे लढाईतली वस्तू, तिथून पुरुषी रुबाबाची खूण, मग बायकांची फॅशन आणि आता पुरुषाने घातली तर लोक हसणार.

अशी उदाहरणं तुमच्याकडेही असतील, टाका. भांडायचं असेल तरी या.

पेंगुळलेला_वाघ

वाचतोय. धागा शतक मारणार असं दिसतंय, जागा धरून ठेवतो.

ठोकळेबाज

धागा रोचक आहे पण मला हे सगळं वरवरचं सजावटकाम वाटतं. रंग कुठला आणि टाच किती हे बदलणारच हो, आतला गाभा बदलतो का ते सांगा. डेव्हिड बस ह्या मानसशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये ३७ संस्कृतींमधल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास छापला, जोडीदारात काय हवं म्हणून. बहुतेक सगळीकडे बायकांनी कमाईच्या ताकदीला पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व दिलं आणि पुरुषांनी दिसण्याला आणि तरुण वयाला. आता हे झांबियापासून जपानपर्यंत सारखंच येत असेल तर संस्कृती संस्कृती करण्यात काय अर्थ आहे?

आणि तुमचे वोडाबेच घ्या की. पांढरेशुभ्र दात, स्वच्छ डोळे, उंची, तासन्तास नाचायचा दम. ही तर सरळसरळ तब्येतीची तपासणी झाली, फक्त रंग लावून. माणूस हा शेवटी प्राणीच आहे, मोराला पिसारा का असतो ते शाळेत शिकलोय आपण.

मोरपंखी_नाही

@ठोकळेबाज, मोर आणलातच का शेवटी 😀 वाटच बघत होते.

त्याच बसच्या अभ्यासातलं पुढचं पण सांगा ना. बायका आणि पुरुष दोघांच्याही यादीत सगळ्यात वर काय होतं? समजूतदार, मायाळू स्वभाव आणि बुद्धी. कमाई आणि रूप ही खालच्या नंबरांवरची भांडणं आहेत, पण हेडलाइन त्यांचीच होते. दुसरं म्हणजे १९९९ मध्ये ईगली आणि वुड ह्या दोघींनी तोच डेटा परत चाळला, तर जिथे बायकांना पैसा आणि सत्ता ह्यात जास्त बरोबरी आहे तिथे कमाईवाला नवरा हवा हा हट्ट कमी झालेला दिसला. साहजिक आहे, स्वतः कमवायची मुभाच नसेल तर कुठलीही शहाणी बाई नवऱ्याचा खिसा आधी बघेल, त्याला मोराचा पिसारा कशाला हवा.

उंचीचं पण तसंच. नवरा बायकोपेक्षा उंच हवा हे आपण निसर्गनियम असल्यासारखं धरून चालतो. टांझानियातल्या हाडझा लोकांमध्ये, जे अजून शिकार आणि कंदमुळांवर जगतात, २००९ साली छापलेल्या एका अभ्यासात जोडप्यांची उंची मोजली तर असा काही नियम दिसलाच नाही, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या तरी जितके नवरे उंच निघतील साधारण तितकेच. खरं तर शिकार करून जगणाऱ्यांमध्ये उंच आणि दांडगा पुरुष सगळ्यात जास्त हवा असायला पाहिजे होता ना तुमच्या हिशोबाने?

आणि अजून एक, २०१४ मध्ये १२ वेगवेगळ्या समाजांमध्ये चेहऱ्यांचे फोटो दाखवून विचारलं होतं की कुठला आवडतो. रुंद जबड्याचे, पुरुषी चेहरे जास्त कुठे आवडले तर शहरी, विकसित ठिकाणी. छोट्या, साध्या समाजांमध्ये ती आवड अगदी फिकी किंवा उलटी. म्हणजे ज्याला आदिम म्हणून विकतात तीच आवड नवी निघायची शक्यता आहे.

ठोकळेबाज

हाडझांचा अभ्यास माहीत आहे. छोटा समाज, आधीच निवडायला मोजके लोक, तिथे इंचपट्टी कोण काढून बसणार. त्यावरून सगळ्या माणसांबद्दल काही म्हणता येत नाही.

मोरपंखी_नाही

आणि विद्यापीठातल्या विशीतल्या पोरांवर फॉर्म भरून घेतलेले अभ्यास मात्र सगळ्या माणसांबद्दल, असं का? बरं बरं. चालू द्या.

उलटतपासणी

दोघांनी मारामारी चालू ठेवा, मी तेवढ्यात माझं घोडं पुढे दामटतो. हॅरिसन पोप नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांवर एक प्रयोग केला होता. कॉम्प्युटरवर शरीराचं चित्र, स्नायू कमीजास्त करता येतात. पोरांना विचारलं तुझं शरीर कसं आहे, तुला कसं हवंय, आणि बायकांना कसं आवडत असेल. तिन्ही देशांत पोरांना हवं असलेलं शरीर स्वतःच्यापेक्षा साधारण १३ किलो जास्त स्नायूंचं, आणि बायकांना आवडत असेल ते त्याहूनही थोडं जास्तच. मग प्रत्यक्ष बायकांना विचारलं तर त्यांनी निवडलं साधंसुधं, फारसे जास्तीचे स्नायू नसलेलं शरीर.

आता हे १३ किलो आले कुठून? बायकांनी तर मागितले नव्हते. हे एकमेकांकडे बघून, मासिकांची मुखपृष्ठं बघून, जिममध्ये शेजारच्याच्या दंडाकडे बघून आले. त्याच पोपने खेळण्यातले जी.आय. जो बाहुले मोजले होते, १९६४ चा बाहुला साध्या माणसासारखा आणि नव्वदीतला सगळ्यात दांडगा अवतार खऱ्या माणसाच्या उंचीचा केला तर त्याचा दंड जगातल्या कुठल्याही बॉडीबिल्डरपेक्षा मोठा भरतो. ते बाहुले मुली विकत घेत नव्हत्या हो.

आणि पुढे तैवानमध्ये तोच प्रयोग केला तर तिथल्या पोरांना स्वतःच्या शरीराबद्दल एवढी खंतच नव्हती.

उत्तरेचा_वारा

कामानिमित्त कोरियात राहून आलोय त्यामुळे लिहितो. आमच्या टीममध्ये एक जण होता, पस्तिशीचा, अंगाने आडवा, आवाज असा की मीटिंगमध्ये माइकची गरज नाही. दुपारी जेवून आला की बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून डबी उघडून स्पंजने चेहऱ्यावर सनस्क्रीनवालं क्रीम थापटायचा, आधी नाकाच्या बाजूला, मग कपाळ, मग मान, अगदी शिस्तीत, आणि हे करता करता शेजारी हात धुणाऱ्याशी मॅचवर वाद घालत असायचा. दोघांनाही त्यात काही विशेष वाटायचं नाही, बघत मीच राहायचो.

पण तिथे परीक्षा नाही असं समजू नका, ती दुसरीकडे आहे. ओळख झाली की चार वाक्यांत विषय येतो, सैन्यात कुठे होतास. सक्तीची सेवा आहे, धडधाकट पुरुषाला सुटका नाही, भूदलात साधारण दीड वर्ष. ह्या माणसाने सीमेवर थंडीत पहारा दिलेला. त्यामुळे तो क्रीम लावतो की नाही हा प्रश्नच कुणाच्या मनात येत नाही. बीटीएस ह्या सात जणांच्या कोरियन बँडचा जिन, ज्याच्या गुलाबी ओठांवरून इकडे जोक होतात, तो डिसेंबर २०२२ मध्ये भरती झाला आणि जून २०२४ मध्ये सेवा पूर्ण करून बाहेर आला, बाकीचे सहाही जणही गेले. उलट यू सुंग-जुन नावाचा एक दणकट, नाचणारा, पुरुषी इमेजचा गायक होता, त्याने भरतीच्या तोंडावर २००२ साली अमेरिकन नागरिकत्व घेतलं तर त्याला देशात येऊच दिलं नाही, इतकी वर्षं झाली, कोर्टात निकाल त्याच्या बाजूने लागले तरी लोकांचा राग गेलेला नाही. म्हणजे मेकअप माफ, पळालास तर माफ नाही.

मोरपंखी_नाही

हा प्रतिसाद आवडला. पण लक्षात घ्या, ही परीक्षा पण पुरुषांनी पुरुषांचीच घेतलेली, धागाकर्त्याचाच मुद्दा.

पेंगुळलेला_वाघ

सनस्क्रीनची डबी कुठली हो? मित्रासाठी विचारतोय.

तळटीप

सरकार परीक्षक असतं म्हणालात त्यावर लिहितो, थोडं लांबेल.

सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी प्रशासनाने फतवाच काढला की बायकी दिसणारे पुरुष टीव्हीवर नकोत, विकृत सौंदर्यदृष्टी म्हणे. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या शिक्षण खात्याने मुलगे बायकी होऊ नयेत म्हणून शाळांत व्यायाम आणि खेळाचे शिक्षक वाढवायचं बोलून दाखवलं होतं. आता विनोद असा की चीनचीच जुनी परंपरा बघितली तर तिथे पुरुषार्थाचे दोन मार्ग होते, एक लेखणीचा आणि एक तलवारीचा, आणि बराच काळ लेखणीचा मान जास्त. जुन्या प्रेमकथांमधला नायक गोरापान, सडपातळ, कविता करणारा, परीक्षा देणारा विद्वान, ज्याला कोंबडीसुद्धा धरता येणार नाही. नायिका त्याच्याच प्रेमात पडायची. म्हणजे टीव्हीवरून हाकललेली पोरं ह्याच परंपरेची नातवंडं म्हणायची.

सरकारी हस्तक्षेपाचा खरा बादशहा म्हणजे रशियाचा झार पीटर. १६९८ मध्ये युरोप फिरून आला आणि दरबाऱ्यांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. पुढे दाढीवर कर बसवला, भरला की धातूचा बिल्ला मिळायचा, तो जवळ बाळगायचा. रशियन माणसाला दाढी म्हणजे धर्म आणि पुरुषपण दोन्ही, देवाने दिलेलं रूप, आणि राजाला ती मागासलेपणाची खूण. बायकांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आणि पँट. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोम शहरात पँट घालायला कायद्याने बंदी आणली होती, का तर ते रानटी लोकांचं वस्त्र. सभ्य रोमन पुरुष पाय उघडे ठेवून झग्यात. आजही ग्रीसच्या संसदेसमोर पहारा देणारे सैनिक बघा, चारशे चुण्यांचा पांढरा घागरा आणि बुटांवर गोंडे, फिजीच्या पोलिसांचा गणवेश पण कातरलेल्या काठाचा स्कर्टच.

अवांतर: व्हायकिंग म्हटलं की आपल्याला मळका, जटा वाढलेला माणूस दिसतो. उत्खननात त्यांच्या फण्या ढिगाने सापडतात. आणि एका इंग्रज इतिहासकाराची तर तक्रार अशी की हे डेन लोक (म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंगच) रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात आणि त्यामुळे आमच्या चांगल्या घरच्या बायका त्यांना भुलतात 😀

उलटतपासणी

@तळटीप, दंडवत घ्या! शनिवारची आंघोळ म्हणजे माझ्या अख्ख्या धाग्याचा पुरावा एका ओळीत.

खडूफळा

भारताचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी नीट बघितलाय का कुणी? बघितला असेल तर आठवा. उजव्या हातात कमळ, अगदी दोन बोटांत अलगद धरलेलं, मान कललेली, पापण्या खाली, भुवया धनुष्यासारख्या, डोक्यावर उंच रत्नजडित मुकुट, गळ्यात मोत्यांचे सर, खांदे रुंद पण दंडावर एक स्नायू फुगलेला नाही, कंबर बारीक, चेहऱ्यावर दाढीमिशीचा पत्ता नाही. जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वी आदर्श पुरुष काढायचा तर हा असा काढला गेला. शिल्पातले विष्णू, बुद्ध, राजपुत्र सगळे ह्याच घडणीचे, गुळगुळीत, भरलेले, दागिने घातलेले. शौर्य दाखवायला सिक्स पॅक लागत नव्हते. देवांच्या चित्रांमध्ये पिळदार दंड आणि ताणलेली छाती जास्त करून गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी दिसायला लागली, ऐंशी-नव्वदच्या दशकात.

मधे काय झालं तर इंग्रज आले. १८५७ नंतर त्यांनी लढाऊ जमाती आणि बिनलढाऊ जमाती अशी वाटणीच करून टाकली, कोण मर्द आणि कोण नाही ह्याची सरकारी यादी म्हणा ना. बंगाली माणूस बायकी, दुबळा, हे मेकॉलेने आधीच लिहून ठेवलं होतं. म्हणजे जो बंड करतो, किंवा इंग्रजी शिकून वाद घालतो तो नामर्द आणि जो इमानदारीत गोळी झेलतो तो मर्द, सोयीचं किती बघा. आणि आपल्या लोकांनी त्यावर उत्तर काय दिलं, तर ही यादीच खोटी आहे असं म्हणणारे थोडे आणि तालमी काढून आम्हीपण मर्द आहोत हे सिद्ध करणारे खूप. परीक्षक बदलला तर आपण पेपर सोडवायला बसलो.

ठोकळेबाज

हे पटण्यासारखं आहे. तरी एक सांगतो, जगात कुठेही जा, पुरुषाला काहीतरी सोसून दाखवावं लागतं हे मात्र समान आहे. ब्राझीलमधल्या सातेरे-मावे लोकांत पोरांना विणलेल्या मोज्यात हात घालावे लागतात ज्यात बुलेट अँट मुंग्या नांगी आत करून बसवलेल्या असतात, आणि असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सामोआत कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवून घेतात, अर्धवट सोडून पळाला तर जन्मभराची लाज. कोरियात सैन्य. मेकअप करा, घागरा घाला, पण वेदना सोसा. हा गाभा कसा काय सगळीकडे आला?

बाबाची_शिफ्ट

सगळीकडे नाही आला ना पण. मी मुलीला झोपवून टाइपतोय त्यामुळे तुकड्यातुकड्यात येईल.

मलेशियाच्या जंगलातले सेमाई लोक आणि ताहिती, ही दोन उदाहरणं डेव्हिड गिलमोर ह्या मानववंशशास्त्रज्ञानेच १९९० मध्ये दिली होती, आणि हा माणूस खरं तर तुमच्याच बाजूचा होता, म्हणजे पुरुषत्व कमवावं लागतं हे बहुतेक सगळीकडे दिसतं म्हणणारा. पण सेमाईंमध्ये भांडण आलं की पळून जाणं हेच शहाणपण, शौर्य सिद्ध करायचं असं काही नाहीच, आणि कुणाला त्याबद्दल हिणवत पण नाहीत.

आणि मध्य आफ्रिकेतले आका लोक. बॅरी ह्यूलेट नावाच्या संशोधकाने तिथे राहून मोजलं होतं, बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ बाळाच्या हाताच्या अंतरावर असतो. बाळ रडलं आणि आई लांब असली तर बाप स्वतःची छाती चोखायला देतो, दूध नाही, नुसती समजूत. आणि हेच लोक जाळी लावून शिकार पण करतात, बायकापुरुष मिळून. तिकडे कुणी त्याला बायकोचा बैल म्हणत नाही. इकडे मी बाळाचं कॅरियर अडकवून बाहेर पडलो की अनोळखी काका थांबून विचारतात, आई कुठाय.

गंमत म्हणजे बायका हसत नाहीत कधी, उलट कौतुकच करतात, जरा जास्तच करतात (त्यांनी तेच केलं तर कुणी बघतसुद्धा नाही, तो वेगळा धागा). टोमणे मारतात ते पुरुष.

उठली. नंतर येतो.

मोरपंखी_नाही

@बाबाची_शिफ्ट, शेवटच्या परिच्छेदाला +१००.

@ठोकळेबाज, तुमच्या वेदनेच्या मुद्द्यावर एक प्रयोग आठवला. अमेरिकेत बॉसन आणि व्हँडेलो ह्या मानसशास्त्रज्ञांनी पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने पुतळ्याच्या केसांची वेणी घालायची, दुसऱ्याने तसाच पीळ घालून दोरी विणायची. काम तेच, हात तेच. नंतर विचारलं आता कोडं सोडवणार की पंचिंग बॅगवर ठोसे मारणार. वेणी घातलेल्यांनी ठोसे जास्त निवडले. म्हणजे पाच मिनिटं वेणी घातली तर गेलेलं काहीतरी परत मिळवायला लागलं त्यांना. एवढं तकलादू असेल तर त्याला गाभा कसं म्हणायचं, सांगा बरं.

ठोकळेबाज

वेणी नीट आली होती का पण? हलके घ्या. प्रयोग भारी आहे, वाचतो.

गोलमटोल

मला एक सांगा, पोटाचं कुठे काही आहे का? सगळे दंड आणि पोटऱ्या घेऊन बसलेत.

तळटीप

आहे ना! इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात बोडी नावाचे लोक आहेत. नव्या वर्षाच्या सोहळ्याआधी प्रत्येक कुळातला एक जण सहा महिने झोपडीत बसून गाईचं दूध आणि रक्त पितो, हालचाल जवळजवळ बंद. मग त्या दिवशी माती आणि राख फासून सगळे बाहेर येतात, काहींना चालवत नाही इतकी पोटं सुटलेली असतात, आणि सगळ्यात जाडा जो असेल तो हिरो. मुली घाम पुसायला पुढे. थोड्या दिवसांत पोट जातं, मान राहतो.

गोलमटोल

मी चुकीच्या खंडात जन्मलो राव.

उत्तरेचा_वारा

हात धरण्याबद्दल पण लिहायला हवं कुणीतरी. एप्रिल २००५ मध्ये सौदीचे युवराज अब्दुल्ला अमेरिकेत गेले तेव्हा तिथले अध्यक्ष बुश त्यांचा हात हातात धरून चालले होते, तो फोटो अमेरिकेत आठवडाभर थट्टेचा विषय. अरब देशांत किंवा आपल्याकडेही दोन मित्र बोटात बोट अडकवून चालले तर बघणाऱ्याची मान वळत नाही. म्हणजे आपल्याकडे वळत नसे म्हणूया, आताची पोरं लगेच हात झटकतात.

निळीछत्री

बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. धागाकर्त्याची मांडणी छान आहे पण पहिल्यापासून सगळ्यांनी एक धरूनच चाललंय, की आकर्षक कोण हे ठरवणारी नेहमी बाई. पुरुषांना पुरुष आवडतात, मी त्यातलाच, तर आमच्याकडे काय होतं ते ऐका. तुमचे दोन परीक्षक आमच्याकडे एकच माणूस असतो. डेटिंग ॲपवर उघड लिहितात, बायकी नको, मर्दानीच हवा. जो लिहितो तो शाळेत ह्याच कारणावरून मार खाल्लेला असतो बऱ्याचदा. त्याला खरंच तसे आवडतात की त्याला तसं आवडून घ्यायची सवय लागलीय, हे त्याला पण सांगता येणार नाही, मला पण येत नाही.

इराणमध्ये कजार राजवटीच्या सुरुवातीच्या काळातली, म्हणजे साधारण दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं बघा, प्रेमी जोडपं काढलंय आणि कोण तो, कोण ती हे मुकुट आणि कपड्यांवरून शोधावं लागतं. दोघांच्या जुळलेल्या भुवया, तसेच डोळे, तीच कंबर. मिसरूड न फुटलेला मुलगा सौंदर्याचा नमुना, आणि बायका ओठांवरची बारीक लव मुद्दाम रंगवून गडद करायच्या, सुंदर दिसते म्हणून. नंतर युरोपियन प्रवासी येऊन नाकं मुरडायला लागले, इराणी उच्चभ्रूंना लाज वाटायला लागली आणि शतकभरात ती आवडच मोडीत निघाली. लोकांनी नुसतं दाखवायचं बंद केलं असं नाही, आवडायचंच बंद झालं. तेव्हा बघणारी किंवा बघणारा आपल्या मनाने ठरवतो हे इतकं सरळ नसतं, परीक्षक लोक डोळ्यात जाऊन बसतात.

उलटतपासणी

@निळीछत्री, हे मला सुचलंच नसतं. म्हणजे पोपच्या प्रयोगातल्या बायकांनी साधं शरीर निवडलं ते २००० साली, आज तीच चित्रं दाखवली, पंचवीस वर्षं ॲब्स बघून झाल्यावर, तर त्या काय निवडतील? कोरियन पोरं आवडणाऱ्या त्या दोनतीन जणी पण आधी आवडायच्या का, की शंभर व्हिडिओ बघून आवडायला लागल्या?

मोरपंखी_नाही

त्या दोनतीन जणींपैकी एक मी होते. आधी नाही आवडायचे. आता आवडतात. आणि मोर अजिबात नाही.

पेंगुळलेला_वाघ

सनस्क्रीनचं उत्तर अजून आलेलं नाही.